हळदीचा लाल रंग

बॅटरीनं ऐन वेळी मान टाकली. मधुकररावांनी तारा घासून पाहिल्या, जोड आवळून पाहिले. पण काचेच्या पेल्यातलं हळद घातलेलं मिठाचं पाणी पिवळं ते पिवळंच. वीज मिठाच्या पाण्यातून क्षार वेगळा काढते, ऋण तारेभोवती तो जमतो आणि त्यानं हळद लाल होते, हे त्यांनी मुलींकडून आठवडाभर घोकून घेतलं होतं. धरमपेठेतल्या त्या मुलींच्या शाळेत विज्ञानाचा वर्ग ठेवायचा की मोडायचा, ते आज इन्स्पेक्टरसाहेब ठरवणार होते. आणि साहेबांचे बूट व्हरांड्यात वाजू लागले होते.

मधुकरराव वर्गाकडे पाठ करून उभे राहिले. अडला हरी म्हणतात तसे ते खिशातल्या तंबाखूच्या चंचीला शरण गेले. बोटावर चुना घेतला आणि ऋण तारेच्या टोकाला फासला.

साहेबांसमोर तार पेल्यात गेली आणि तिच्याभोवतीचं पाणी लालभडक झालं. साहेब खूश. पहिल्या बाकावरच्या जयवंतेला उभं करून त्यांनी विचारलं, हे कशानं झालं? जयवंता घटकाभर तारेच्या टोकाशी राहिलेल्या पांढऱ्या डागाकडे बघत राहिली. मग वीज, मीठ, क्षार सगळं तिनं न अडखळता सांगितलं. साहेबांनी तिची पाठ थोपटली, खिशातली लाल-निळी पेन्सिल बक्षीस दिली आणि शेरेबुकात लिहिलं, वर्ग चालू ठेवावा.

मुली घरी गेल्या. जयवंता तेवढी जागची हलली नाही. मधुकररावांनी तिला मोठ्या तोंडानं शाबासकी दिली.

"गुरुजी, आमच्या घरी माय कुंकू बनवते," ती खाली बघून म्हणाली. "हळदीले चुना लागला का कसा रंग येते, मले मालूम आहे."

मधुकररावांची कानशिलं तापली. चोरी उघडी पडली याची लाज होतीच. पण त्याहून मोठी लाज वेगळी होती. सबंध वर्गात खोटं न बोलणारी म्हणून ते हिचंच नाव घेत.

"मंग साहेबाले काहून नाही सांगतलं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"वर्ग बंद झाला असता ना."

तिनं दप्तर उचललं. जाता जाता पेन्सिल त्यांच्या टेबलावर ठेवली.

"ही तुमची आहे, गुरुजी."