जुन्या क्लबविरुद्ध

टॅमझिननं माझ्या हाताखालून चेंडू जाळ्यात मारला आणि मान खाली घालून मागे वळली. आपल्या जुन्या क्लबविरुद्ध गोल केला की नाचायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. मध्यंतरात विनीमावशीनं तिला मैदानातून आत जाणाऱ्या बोळात गाठलं. आमचे कपडे धुणाऱ्या या म्हातारीनंच आमच्या क्लबात आलेल्या नऊ वर्षांच्या टॅमझिनला खेळायला मुलांची ढगळ चड्डी दिली होती. “कुणी मेलंय का गं?” “मावशी, आज हरलात तर तुम्ही खालच्या लीगमध्ये जाल.” “जाऊ. पण तुझी कीव नको. लहानपणी गोल केलास की चड्डी सावरत मैदानभर पळायचीस, तशी पळ.” उत्तरार्धात तिनं दुसरा गोल केला आणि आम्ही बुडालो. इंग्लंडची नावाजलेली खेळाडू एका हातानं चड्डी सावरत आमच्या बाकापुढून पळत गेली. सगळं मैदान शिव्या देत होतं. विनीमावशी एकटीच टाळ्या वाजवत होती. डोळे पुसायलाही थांबली नाही.