बारा नंबर

"बारा नंबरचं घर कुठलं?" हातातली यादी दाखवत इराकी सैनिकाने मला विचारलं. तो बारा नंबरच्याच दारात उभा होता.

त्यांनी कुवेत घेतल्यावर आमच्या गल्लीने दोन दिवसांत सगळ्या पाट्या उतरवल्या होत्या. भिंतींवरचे आकडे पुसले ते मी, दापोलीच्या पेंटरने. यादीतला जासिम वर गच्चीतच, पाण्याच्या टाकीमागे दडला होता.

"मी इथे नवीन आहे, साहेब," मी म्हणालो. एकोणीस वर्षं झाली होती मला तिथे.

फेब्रुवारीत इराकी पळाले. जळत्या तेलविहिरींच्या धुराने भरदुपारी अंधारलं होतं. जासिमची आई रंगाचा डबा घेऊन आली. मागून, उघड्या रस्त्याने, खांद्यावर शिडी घेऊन जासिम.

"दाऊद, आकडा मोठा काढ," ती म्हणाली. "या धुरातही नाक्यावरून दिसला पाहिजे."