उसनी टिकली

“आई, बाबांचा हार घातलेला फोटो तेवढा काढू या. पहिलंच घर घेणारी पोरं आहेत, बिचकतील,” सून म्हणाली. तिने फोटो पलंगाखाली सरकवला, खिळ्यावर सूर्यफुलांचं चित्र टांगलं आणि माझ्या कपाळावर स्वतःची टिकली लावली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. हे घर विकलं नाही तर मुलाचं नवं घर हातचं जाणार होतं. मी टिकली बोटाने नीट दाबून घेतली.

जोडपं गोड होतं. मुलीने लाजत विचारलं, “आजी, या घरात कुणी वारलं नाही ना? सासूबाईंनी विचारायला सांगितलंय.”

“नाही,” मी म्हणाले. ते याच खोलीत, माझा हात धरून गेले होते.

“आणि आजोबा?”

“भाजी आणायला गेलेत.” रोज याच वेळी जायचे.

“मग थांबतो की! त्यांना भेटूनच ठरवू.”

सुनेचा चेहरा उतरला. दोघं सूर्यफुलांच्या चित्राखाली बसली. मी दाराकडे बघत राहिले. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि पिशवी घ्यायला मी उठलेसुद्धा.

पावलं वरच्या मजल्यावर निघून गेली.