हातांना धक्का नाही

सर्जापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये कॅमेऱ्यासमोर फक्त कस्तुरीचे हात यायचे. त्यांना भाकरी थापताना चार लाख लोक बघायचे. ‘अक्का, चेहरा दाखवा की,’ अशी कमेंट आली की नवरा हसायचा. चेहरा दाखवण्यासारखा त्यानं ठेवलाच नव्हता. तो पाठीत लाथा घालायचा, केस धरून भिंतीवर आपटायचा, पण हातांना धक्का लावत नसे. घर त्या हातांच्या कमाईवर चालायचं. आज शूटिंगमध्ये भाकरी करपली म्हणून त्यानं तिचा दात पाडला. ‘तोंड धू, रिटेक घेऊ.’ कस्तुरीनं रक्त गिळलं आणि उजवा तळवा तापल्या तव्यापासून बोटभर अंतरावर धरला. ‘दाराची किल्ली टाक.’ ‘अगं, हात काढ!’ तो किंचाळला. त्यानं किल्ली ओट्यावर फेकली. तिनं ती डाव्या हातात घेतली. मग उजवा तव्यावर दाबला. तिला शोधत यायला आता त्याला कारण उरलं नव्हतं.