चहापुरता उशीर

कारागिराने मागचे स्क्रू काढले, पत्रा सरकवला आणि आत डोकावून म्हणाला, "काकू, इथं तर मेंढरू झोपलंय!"

आत धुळीची करडी लोकर साचली होती. काकू हसल्या नाहीत. इथे हसायचं असतं, हे त्यांच्या लक्षात आलं तोवर वेळ निघून गेली होती.

काका शेजारी खुर्चीत बसले होते. मुलगा गेल्यापासून ते तिथेच बसत. जेवा म्हटलं की जेवत, झोपा म्हटलं की झोपत, सदरा बदला म्हटलं की बदलत. आपण होऊन काही म्हणून करत नसत. डॉक्टर म्हणाले होते, शरीर ठणठणीत आहे, आवडीचं काहीतरी पुढ्यात ठेवून बघा. आवडीचं म्हणजे हा जुना कॉम्प्युटर. लोकांच्या घरांचे नकाशे काकांनी याच्यावरच काढले होते. मधल्या महिन्यांत त्याला कुणी हात लावला नाही, आणि लावला तेव्हा तो उठलाच नाही. म्हणून काकूंनी कारागिराला घरी बोलावलं.

कारागीर हाताने चपळ आणि तोंडाने त्याहून. त्याचा पूर्वरंगच संपेना. "पत्रा बघा याचा, काका. आताचे डबे फुंकर मारली तर उडतील." ब्रशने धूळ झाडून झाली. मेमरीच्या पट्टीची सोनेरी कड त्याने शाळेतल्या खोडरबराने घासून लख्ख केली. फुगलेले कपॅसिटर काढून नवे डाख देऊन बसवले, पंख्यात तेलाचा थेंब सोडला. तोवर जुन्या डिस्कवरचं सगळं त्याच्या लॅपटॉपमधून नव्या डिस्कवर उतरत होतं.

"नकाशे, फोटो, काही म्हणून हरवलेलं नाही," नवी डिस्क बसवत तो म्हणाला. "आणि आता कसा उठतो ते बघाच. काका, पहिला मान तुमचा. दाबा बटण."

काकांनी बटण दाबलं. मग दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकले आणि ते अर्धे उठले.

कुणी उठा म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात पडदा उजळला. नकाशांची सगळी चित्रं रांगेने हजर झाली. "हाण तिच्या! डोळ्याचं पातं लवायच्या आत!" कारागिराने मांडीवर थाप मारली.

काकांनी पडद्याकडे पाहिलं. हळूच परत खाली बसले. हात मांडीवर ठेवले.

काकू त्या हातांकडे बघत राहिल्या. हा कॉम्प्युटर जागा व्हायला इतका वेळ घ्यायचा, की बटण दाबून काका स्वयंपाकघरात जायचे आणि दोघांचा चहा करून आणायचे. रोज. घरात त्यांना येणारं तेवढं एकच काम. आज ते त्यालाच निघाले होते, आणि निघायचं कारणच उरलं नव्हतं.

"ही नवी डिस्क काढा," काकू म्हणाल्या. "जुनी बसवा."

"म्हणजे? काही राहिलं का तिच्यात?"

"नाही. ती हळू चालते ना? तीच हवी."

"काकू, हळू चालतो म्हणून लोक माझा जीव खातात. फास्ट झाला म्हणून रागावणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"रागावले नाही हो."

"आणि मरायला टेकलीय ती डिस्क..." त्याने जीभ चावली. भिंतीवरच्या मुलाच्या फोटोकडे त्याची नजर गेली आणि तिथून खाली आली.

"आहे तोवर चालू दे," काकू म्हणाल्या. आवाज सपाट होता, भाजीवाल्याला नको म्हणावं तसा. "नवी कपाटात ठेवते. सगळं आहेच ना तिच्यात."

त्याने जुनी डिस्क बसवली. केलेलं काम आपल्याच हाताने उलटं करायचं, त्याचे कान लाल झाले होते.

"अहो," काकू म्हणाल्या, "दाबा."

काकांनी बटण दाबलं. आतून कर्रकर्र आवाज सुरू झाला. पडदा काळा. कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकायला लागली.

कारागीर काही बोलणार, तोच काकूंनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

काका रेघेकडे बघत बसले. डिस्क कर्रकर्रत राहिली. काकूंना भीती वाटली नाही, आशाही वाटली नाही. तोंडात नुसतं नाम फिरत होतं, तेही त्यांनी ठरवून घेतलेलं नव्हतं.

मग काकांचे गुडघे वाजले. ते उठले. दोघांच्या मधून, दोघांकडेही न बघता, आत गेले.

नळ वाहिला. भांडं ओट्यावर आपटलं. लायटर खटखटला, पेटेना, पुन्हा खटखटला, आणि गॅसचा भप्प आवाज झाला. मग बराच वेळ काहीच नाही.

"अगं," आतून आवाज आला. वापरात नसलेल्या कडीसारखा, गंजलेला. "साखर कुठे गेली?"

भेटायला येणाऱ्यांची रीघ होती त्या दिवसांत कुणीतरी सगळं फडताळ नव्याने लावलं होतं. साखर खालच्या कप्प्यात, पिठाच्या मागे होती. काकूंना माहीत होतं.

"काकू, सांगा ना," कारागीर कुजबुजला. "शोधतायत ते."

"शोधू दे."

आत डब्यांची झाकणं एकेक करून उघडत होती आणि लागत होती.