ओट्यावरची किटली

किटली ओट्यावर दिसली तेव्हाच कळलं, आज तपासणी. एरवी ती कुलूपबंद कपाटात असते, क्लाइव्हला भाजेल म्हणून. क्लाइव्ह माझा भाऊ, पन्नाशीचा. जन्मापासून गोष्टी सावकाश उमजणारा. इंग्लंडातल्या विगन गावातलं हे घर त्याच्या नावावर, पण कारभार त्याला सांभाळायला नेमलेल्या ग्लेनिसचा. त्याला स्वतःची कामं स्वतः करू देतात का, हे बघायला आलेल्या सरकारी तपासनीस बाई म्हणाल्या, “क्लाइव्ह, चहा पाजाल का?” त्याने ग्लेनिसकडे पाहिलं. “माझ्याकडे काय बघतोस? रोज करतोस ना?” ती हसली. त्याने चहा केला, थेंबही न सांडता. बाईंनी मला विचारलं, “खरंच रोज करतात?” आधीच्या संस्थेत त्याला खोलीत कोंडायचे. तपासणीत खोट निघून इथली सोय बंद झाली तर पुन्हा तेच. “रोज,” मी म्हणाले. बाई समाधानाने गेल्या. क्लाइव्हने कप विसळले, किटली पुसून कपाटात ठेवली आणि बाजूला उभा राहिला. “ग्लेनिस,” तो म्हणाला, “गेल्या त्या. लाव कुलूप.”