शेवटपर्यंत बसणारा प्रेक्षक

“ह्याला क्लासिक म्हणायचं?” उदयसिंहांनी चहाचा कप टेबलावर आपटलाच. “मागच्या रविवारी बघितला की मी. एक माणूस बर्फातनं स्टेशनकडं चालत निघाला. अर्ध्या तासानं मी उठलो, तवा बी गडी चालतच हुता.”

“तो शेवटपर्यंत पोचत नाही,” माधव म्हणाला.

“मग चालतोय कशाला?”



उदयसिंह कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका जुन्या वाचनालयाचे अध्यक्ष. वाचनालयाचा वरचा हॉल दर रविवारी सकाळी फिल्म सोसायटीला मिळायचा. आता तिथे स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका करायची, असं समितीच्या मनात होतं. मुलं साठ-सत्तर तरी येणार होती. सोसायटीला किती माणसं येतात, हे उदयसिंहांनी विचारलं नाही. तेवढं सौजन्य त्यांच्यात होतं.

माधवने चौतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली. सिनेमा हा त्याचा प्रांतच नव्हे. तो अस्मिताचा, त्याच्या बायकोचा. सोसायटी तिनेच काढली, तिनेच चालवली. ती असती तर तिने उदयसिंहांना पाच मिनिटांत चारी मुंड्या चीत केलं असतं. ‘ज्याच्यासाठी एक माणूस शेवटपर्यंत बसतो, तो सिनेमा क्लासिक,’ ही तिची व्याख्या. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

खरं सांगायचं तर त्या सिनेमांतलं माधवला कधी काही कळलं नव्हतं. दिवे मालवले की पंधराव्या मिनिटाला त्याचे डोळे जड व्हायचे. म्हणून ती गेल्यावर महिन्याभरात त्याने शेवटचा खेळ ठेवला. दाराशी तिचा फोटो मांडला, हार घातला. जुने सभासद आले, त्याला भेटले आणि सिनेमा सुरू झाल्यावर एकेक करून निघून गेले. तसल्या सिनेमाला त्यांनी तरी किती वेळ बसावं!

एकच माणूस बसून राहिला. धोतर, पांढरा सदरा, उन्हाने रापलेला चेहरा. दिवे लागले तेव्हा त्याने विचारलं, “पुढल्या रविवारी हाय न्हवं?”

“आहे,” माधवच्या तोंडून निघून गेलं.

ते बाळासो. वारणानगरच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. तेव्हापासून दर रविवारी ते एसटीने कोल्हापुरात यायचे आणि माधवच्या शेजारच्या खुर्चीत ताठ बसायचे. मधेच उठणं नाही, मान टाकणं नाही. संपलं की “बरं हाय, येतो,” म्हणून स्टँडचा रस्ता धरायचे. असा प्रेक्षक अस्मिताच्या हयातीतही मिळाला नव्हता.

माधव स्वतःला चिमटे काढून जागा राहायचा. एकुलता एक प्रेक्षक डोळे लावून बसलेला असताना यजमानाने घोरावं, हे काही बरं दिसत नाही. सिनेमे तो मुद्दाम लांबलचक निवडायचा. घरी परत जायचं म्हणजे कुलूप काढायचं आणि टीव्ही लावायचा, दुसरं काय? इथे निदान अडीच तास शेजारी कुणीतरी श्वास घेत असे. त्या एका श्वासावर त्याचा आठवडा निघायचा.

“एक माणूस आहे,” माधव आता उदयसिंहांना म्हणाला. “कारखान्यात राबलेला. सिनेमाचा अभ्यास नाही, काही नाही. तीन वर्षांत एक रविवार चुकलेला नाही. त्यालाच विचारा, हे क्लासिक आहे का.”

“इचारतो की. त्यो हो म्हणला तर हॉल तुमचा. दिला शब्द.”

पुढच्या रविवारी माधवने अस्मिताचा सगळ्यात लाडका सिनेमा लावला. दोन तास चाळीस मिनिटं, काळा-पांढरा. एक बाई विहिरीच्या काठावर कुणाची तरी वाट बघते, आणि कुणी येत नाही. उदयसिंह विसाव्या मिनिटाला घोरू लागले. बाळासो मात्र ताठ.

दिवे लागले. उदयसिंहांनी डोळे चोळले आणि खुर्ची वळवून घेतली.

“पावणं, खरं सांगा. ह्याला क्लासिक म्हणायचं का न्हाय?”

हा माणूस नाही म्हणाला, तर अस्मिताचं म्हणावं असं जगात काहीच उरणार नव्हतं.

“ते शिकल्याल्या माणसांनी ठरवावं,” बाळासो म्हणाले. “मला त्यातलं काय बी कळत न्हाय.”

“आँ? मग तीन वर्सं येताय कशाला?”

बाळासो थोडे संकोचले. मग त्यांनी मांडीवरची पिशवी उघडली.

“त्या दिशी मी एका पावण्याच्या शोकसभेला आलतो. जिना चुकलो. दारात बाईंचा हार घातल्याला फोटू, आत अंधार, माणसं गप्प. म्हणलं, हीच. बसलो. पडद्यावर बी समदी रडतच हुती. मग एकेक जण उठून गेला आन् मास्तर एकटंच ऱ्हायलं. दुखवट्यातल्या माणसाच्या आदी कसं उठायचं? पुढच्या रविवारी आलो, तर हे पुन्यांदा अंधारात बसल्यालं. म्हणलं, आज ना उद्या ह्यांचं कोण तरी सोयरं ईल, टावेल-टोपी दिऊन दुखवटा काढंल. तीन वर्सं वाट बघितली. कोणच आलं न्हाय.” त्यांनी पिशवीतून कोरा टॉवेल आणि नवी टोपी काढून माधवच्या हातात ठेवली. “मग मीच आणली. आता उठा मास्तर. तुमी उठल्याबिगर मला उठता येत न्हाय.”